परप्रांतीयांची मंडळं आणि आपल्या शाळा: "कूलर नको, माणूस द्या" म्हणाल्या बाई

शेडमालक | सोमवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. लय दिवसांनी धागा काढतोय आणि तो लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीनिंगचं शेड आहे, फौंड्रीतनं कास्टिंग येतात ती आम्ही टर्निंग ड्रिलिंग करून देतो. हाताखाली अकरा पोरं, त्यातली सात बिहारची, दरभंगा मधुबनीकडची. आधी एकेकटी यायची, एका खोलीत सहा जण राहायची. आता बायकापोरं घेऊन आलीत, गॅसचं कनेक्शन घेतलंय, एकानं तर इथंच गुंठा घ्यायची भाषा सुरू केलीय. शेडच्या मागं मराठी माध्यमाची मनपा शाळा आहे, यांची सगळी पोरं तिथं. मुख्याध्यापक बाई सांगत होत्या की पटावरच्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरात मराठी नाही, कुठं मैथिली, कुठं भोजपुरी, कुठं कन्नड, दोन घरं तर नेपाळी.

तर झालं असं की या लोकांचं छठ पूजेचं मंडळ आहे, कृष्णेच्या घाटावर करतात. यंदा वर्गणीतनं थोडे पैसे उरले म्हणून शाळेला वॉटर कूलर द्यायचं ठरलं आणि मराठी बोलणारा म्हणून मला पुढं घातलं. बाईंनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कूलर दोन आहेत हो, एकाचा नळ तुटलाय एवढंच. मला कूलर नको. पालकसभेला एक माणूस द्या. मी काय बोलते ते या बायकांना सांगेल आणि त्या काय म्हणतात ते मला सांगेल असा." मंडळाचे अध्यक्ष जरा हिरमुसले, कारण कूलरवर नाव रंगवता येतं, माणसावर कुठं रंगवणार.

घरी आलो तरी डोक्यातनं ते जाईना, कारण ही गोष्ट मी दुसऱ्या बाजूनं बघितलेली आहे. आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, गलाईवाले, म्हणजे सोनं चांदी गाळून शुद्ध करणारे. विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ हा पट्टा दुष्काळानं बाहेर काढलेल्या माणसांचा आहे, देशात असं शहर सापडणं मुश्कील जिथं सराफ पेठेच्या मागच्या बोळात आमच्याकडचा एखादा भट्टी लावून बसलेला नाही. आजोबा 1972 नंतर कोइमतूरला गेले, मी तिथंच सहावीपर्यंत शिकलो, तेही तमिळ माध्यमात, कारण जवळ तीच शाळा होती आणि फुकट होती. आमचंही मंडळ होतं, गणपती बसवायचं आणि शिवजयंती करायचं. पण शाळेच्या दृष्टीनं मंडळ म्हणजे एकच माणूस, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णांना तमिळ लिहिता वाचता यायचं. गलाईवाल्यांच्या कुठल्याही पोराला शाळेत घालायचं असलं की अण्णा सोबत, प्रगतिपुस्तकावर बापाची सही घ्यायची तरी आधी अण्णा वाचून दाखवणार आणि मग बाप सही करणार. (माझा एकदा गणितात घोळ झाला होता तेव्हा अण्णांनी वाचताना आकडा गाळला, ते उपकार मी विसरलेलो नाही.)

आणि एक प्रसंग. चौथीत आमच्या टीचरनं मला विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं सोनं वितळवतात. वर्ग हसला, त्यांना वाटलं फेकतोय. दुसऱ्या दिवशी टीचरनं अण्णांना बोलावून घेतलं आणि मला रिकामी मूस आणि टाकणखाराची पुडी घेऊन यायला सांगितलं. मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं की जुनं सोनं मुशीत कसं घालतात, टाकणखारानं मळी कशी वर येते, तेजाबानं चांदी तांबं कसं वेगळं होतं. तेजाब अर्थातच आणलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी वर्गात "मराट्टी पोरगा" होतो, त्यानंतर तंगम म्हणजे सोनं म्हणून नाव पडलं. ती टीचर फार काही करत होती असं तिला स्वतःला वाटलं नसेल.

तर विचारायचं हे की बाहेरून आलेल्या लोकांच्या मंडळांनी शाळेसाठी नेमकं काय करावं? तुमच्याकडं कुणी केलंय का, जमलं का, फसलं का? परदेशातल्या महाराष्ट्र मंडळवाल्यांनीही लिहा, तुम्ही पण तिथले परप्रांतीयच की.

———

लगा_सांगलीकर | सोमवार, रात्री 11:05

भावा अण्णा नाद खुळा माणूस. आकडा गाळणारा दुभाषी आमच्या वेळी का नव्हता.

———

खडूफळा | मंगळवार, सकाळी 6:50

मी मिरज तालुक्यात जि.प. शाळेवर आहे, एकोणीस वर्षं झाली. तुमच्या त्या बाईंचं अगदी बरोबर आहे आणि त्यामागचं कारण बाहेरच्यांना दिसत नाही म्हणून सांगते.

परराज्यातलं मूल आलं की पहिली अडचण कागदाची. दाखला नसतो, असला तर देवनागरीत असूनही त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, जन्मतारीख तर तीन ठिकाणी तीन. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, त्यात स्पष्ट आहे की दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नसला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मूल वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागं असेल तर त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं. हे आम्हाला माहीत आहे, पालकाला माहीत नाही. तो एका शाळेच्या दारातनं परत गेला की दुसरीकडं जातच नाही, पोरगं खोलीवर धाकट्याला सांभाळत बसतं. आणि शाळेच्या बाजूनंही एक गोम आहे, आमची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, आधार पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांवर ठरते. ज्याचं आधार जुळत नाही ते पोर वर्गात बसतं, खिचडी खातं, पण शिक्षक मोजताना ते नसतं. आता सांगा, मंडळातल्या एका माणसानं चार पालकांना धरून आधार केंद्रावर नेऊन नावं दुरुस्त करून आणली तर ते कूलरपेक्षा किती मोठं काम आहे.

दुसरं भाषेचं. सहा महिन्यांत पोरं ग्राउंडवर मराठीत भांडायला लागतात आणि आम्ही खूश होतो, आली म्हणतो मराठी. नसते आलेली. कॅनडातले जिम कमिन्स म्हणून अभ्यासक आहेत त्यांनी हे फार पूर्वी मांडलंय, बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते पण पुस्तकाची, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. "बाष्पीभवन" हा शब्द भांडणात कुठं येतो? मग चौथी पाचवीत मूल मागं पडतं आणि शेरा येतो की घरचं वातावरण नाही.

आणि तुमच्या मुशीवरनं आठवलं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच मेक्सिकन कामगारांच्या घरी पाठवलं होतं, शिकवायला नव्हे तर शिकायला, की या घरात कुणाला बांधकाम येतं, कुणाला जडीबुटी, कुणाला गाड्या दुरुस्त करता येतात, आणि मग ते वर्गात आणायचं. त्यांचा लेख 1992 चा. तुमच्या टीचरनं तो वाचला नसणार, तरी तेच केलं.

———

तिरका_चष्मा | मंगळवार, सकाळी 9:15

सगळं गोड गोड चाललंय. पण मला एक सांगा, महाराष्ट्रात येऊन राहायचं, पोटापाण्याला लागायचं, आणि पालकसभेला दुभाषी आम्ही द्यायचा? त्यांनी मराठी शिकावी की. तुमच्या आजोबांनी तमिळ शिकून घेतलंच ना. उद्या छठचं मंडळ शाळेत हिंदी आणेल आणि आपण टाळ्या वाजवू. 2020 चा कायदा आहे, सगळ्या शाळांत मराठी सक्तीची, तो पाळा म्हणजे झालं.

———

शेडमालक | मंगळवार, दुपारी 1:20

@तिरका_चष्मा, दुभाषी आपण देत नाही, त्यांचं मंडळ देतंय, तेच तर मी लिहिलंय. आणि आजोबांना तमिळ येत नव्हतं हो, अण्णांना येत होतं, आजोबा मरेपर्यंत भाजीवाल्याशी खुणांनी बोलायचे. तमिळ आलं ते आम्हा नातवंडांना, आणि ते आलं कारण शाळेत आम्हाला कुणीतरी धरून ठेवलं.

शिवाय ती शाळा मराठी माध्यमाची आहे. माझी स्वतःची दोन्ही पोरं इंग्लिश मीडियमला आहेत, तुमची कुठं आहेत ते विचारत नाही. त्या मराठी शाळेचा पट ज्यांनी टिकवलाय ती पोरं दरभंग्याची नि विजापूरकडची आहेत. ती उद्या बाहेर पडली तर शाळेला कुलूप.

———

खडूफळा | मंगळवार, दुपारी 4:30

आणि एक दुरुस्ती, या पोरांची घरची भाषा हिंदी नसते. मैथिली वेगळी भाषा आहे, 2003 च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत आलेली. आम्ही शिक्षक पण हीच चूक करतो, हिंदीत ओरडतो आणि समजतो की कळलं. आईला हिंदीही तुटकच येते. तेव्हा दुभाषी म्हणजे हिंदी बोलणारा कुणीही चालतो असं नाही.

———

तिरका_चष्मा | मंगळवार, संध्याकाळी 6:02

बरं, मैथिलीचं माहीत नव्हतं. पण मुद्दा सोडलेला नाही. (पोरगी सेमीला आहे, विचारलंच नाहीत तरी सांगतो.)

———

गोथेनबर्गचा_पलूसकर | मंगळवार, रात्री 11:48

मी पलूसचा, गेली सहा वर्षं स्वीडनमध्ये, गाड्यांच्या कंपनीत. परप्रांतीय म्हणून दोन शब्द.

इथं 1977 पासून घरच्या भाषेच्या शिक्षणाची सोय कायद्यात आहे. गावात एका भाषेची किमान पाच मुलं असतील, ती भाषा घरात रोज बोलली जात असेल आणि लायक शिक्षक मिळत असेल तर नगरपालिकेनं ती भाषा शिकवायची व्यवस्था करायची. ऐकायला भारी वाटतं, पण गाडी अडते ती "शिक्षक मिळत असेल तर" या शब्दांवर. मराठीचा शिक्षक नगरपालिका कुठनं आणणार? तिथं मंडळाचं काम. कुठल्या घरी कुणाची आई शिक्षिका होती, कुणाला आठवड्यातनं एक तास जमेल, पाच पालकांचे अर्ज एकाच वेळी कसे पडतील, हे मंडळालाच माहीत असतं. आमच्याकडं हे तीन वर्षं झालं नाही कारण आमची शक्ती गणपतीच्या ढोल पथकात जात होती. ढोल पण पाहिजेतच, मी स्वतः ताशा वाजवतो.

त्याहून कामाची गोष्ट दुसरी आहे. नवीन आलेल्या मुलाला इथं घरच्या भाषेतनं अभ्यासाला मदत देतात, म्हणजे विज्ञानाचा धडा स्वीडिशमध्येच, पण शेजारी बसलेला माणूस त्याच्या भाषेत समजावतो. आणि 2016 पासून असं आहे की मूल शाळेत आलं की दोन महिन्यांच्या आत त्याला काय येतं ते तपासायचं, स्वीडिश येतं का ते नव्हे, त्याच्या भाषेत त्याला गणित किती येतं, वाचता किती येतं ते. माझी पोरगी आली तेव्हा तिसरीतली होती, सांगलीत पाढे पाठ करून आलेली. तपासणाऱ्या बाईंना कळलं की हिला गणितात काही शिकवायची गरज नाही, फक्त प्रश्न कळत नाहीये. हेच कुपवाडला त्या दरभंग्याच्या पोरासाठी कुणी केलं तर? त्याला गुणाकार येत असेल हो, "खालील उदाहरणे सोडवा" येत नसेल.

आता फसलेलं सांगतो. शाळेत एकदा वेगवेगळ्या देशांचा दिवस होता, आमच्या मंडळानं फेटे, लेझीम, पुरणपोळी सगळं नेलं, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरीला विचारलं की तुमच्याकडं हत्ती असतो का. तिनं आयुष्यात बघितलेला एकमेव हत्ती म्हणजे सांगलीच्या गणपती मंदिराचा. तीच रडवेली होऊन म्हणाली, बाबा मी पलूसची आहे, इंडियाची सगळी उत्तरं मलाच का विचारतात. तेव्हापासून मी त्या दिवसांच्या विरोधात नाही पण फेटा बांधून आम्ही शाळेला काहीतरी दिलं असं मला वाटत नाही.

———

लगा_सांगलीकर | बुधवार, सकाळी 8:10

@गोथेनबर्गचा_पलूसकर पुरणपोळी न्यायच्या ऐवजी भडंग न्यायचं हुतं, हत्तीचा प्रश्न आलाच नसता, सगळे पाणी मागत बसले असते.

———

विट्याचा_पावणा | बुधवार, दुपारी 12:35

शेडमालक, तुमचा धागा गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तिथनं इथं आलो. आमची भट्टी आलुव्याला, एर्नाकुलम जिल्ह्यात, वडलांपासून. केरळात आता आपल्यासारखेच, पण आपल्यापेक्षा कैक पटीनं जास्त बाहेरचे कामगार आहेत, बंगाल, ओडिशा, बिहार, आसाम. सरकारी भाषेत त्यांना "अतिथी" कामगार म्हणतात, म्हणजे पाहुणे. शब्द चांगला आहे, पगार तेवढाच आहे म्हणा.

इथं जिल्हा प्रशासनानं 2017 ला रोशनी नावाचं काम सुरू केलं, आमच्यापासून जवळच बिनानीपुरमच्या सरकारी शाळेतनं. शाळा भरायच्या आधी जादा तास, सोबत नाश्ता, आणि शिकवायला मल्याळमसोबत मुलाची भाषा येणारा स्वयंसेवक. मुलाच्या भाषेतनं सुरू करायचं आणि हळूहळू मल्याळमवर न्यायचं, दोन्ही भाषा मिसळून. नाश्त्याचं महत्त्व कमी समजू नका, आई बाप सकाळी सहाला कामाला गेले की पोर उपाशी येतं किंवा येतच नाही. त्याच वर्षी मोठ्यांसाठी पण मल्याळम शिकवायचा उपक्रम पेरुंबावूरला सुरू झाला, चंगाती नावाचा, चंगाती म्हणजे दोस्त. तिरका चष्मा साहेबांना हे आवडेल, म्हणजे आधी राज्याची भाषा शिका हा आग्रह बरोबरच आहे, पण शिकवायला कुणीतरी बसावं लागतं ना.

आपल्या गलाईवाल्यांच्या मंडळानं यात काय केलं म्हणाल तर फार नाही. आम्हाला हिंदी बरी येते, मल्याळम चांगलं येतं, म्हणजे मधला माणूस व्हायला आमच्याइतका फिट कोण? तरी वर्षभर आमच्या डोक्यात आलं नाही. आमच्यातल्या एका वहिनीनं पुढाकार घेतला, दोन बिहारी पोरींना स्वतःच्या पोरांसोबत अभ्यासाला बसवायला लागली, बास एवढंच. पण वहिनी म्हणते की त्या पोरींच्या आईनं तिला सांगितलं, तुम्ही पण बाहेरच्याच ना, म्हणून तुमच्याकडं पाठवते. हे मल्याळी बाईला तिनं सांगितलं नसतं.

———

मिरजेची_सून | बुधवार, रात्री 9:55

माझं माहेर विजापूर, भाषा कन्नड, मिरजेत लग्न करून आले तेव्हा मराठी शून्य. मिरजेत एक बरं, निम्म्या दुकानदारांना कन्नड येतं, दवाखान्यांमुळं कर्नाटकातनं पेशंट येत राहतात पिढ्यानपिढ्या. तरी पोराच्या पहिल्या पालकसभेत मी तासभर मान हलवत बसले होते, एक शब्द कळला नव्हता आणि विचारायची लाज.

पण मला शेडमालकांना एक सावध करायचंय. हे जे मंडळाचे अध्यक्ष म्हणताय, ते कोण असतात? बहुतेक वेळा लेबर कॉन्ट्रॅक्टर. मी एका स्वयंसेवी गटासोबत वीटभट्ट्यांवर जाते, तिथं पण हेच. ज्यानं माणसं आणली, खोली दिली, उचल दिली, तोच समाजाचा पुढारी, तोच मंडळाचा अध्यक्ष, आणि शाळेनं बोलावलं की तोच सगळ्यांच्या वतीनं बोलणार. मग मुख्याध्यापक विचारतात, पोरगं गैरहजर का? आणि तो सांगतो, आजारी होतं साहेब. पोरगं आजारी नसतं, त्याच्याच कामावर असतं. आई शेजारी उभी असते, तिला सगळं माहीत असतं, ती कशी बोलणार? खोली त्याची.

त्यामुळं मंडळ म्हणून कुणीही चालेल असं नको. दुभाषी बाई असावी, पगाराचा संबंध नसलेली असावी. आणि एकीला तरी शाळा व्यवस्थापन समितीत घ्या. कायद्यानंच त्या समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. आमच्याकडं या समित्यांवर माझ्याशिवाय बिगरमराठी आई मी एकदाही बघितली नाही. बाहेरून येऊन मदत करणं वेगळं आणि आत खुर्चीवर बसणं वेगळं. मी स्वतः दोन वर्षं होते, पहिल्या सभेला फक्त एवढंच बोलले की मुलांच्या संडासाला कडी नाही. कडी बसली. त्यानंतर लोक मला विचारायला लागले.

———

शेडमालक | बुधवार, रात्री 10:30

@मिरजेची_सून ताई, खरं सांगू का, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. अध्यक्ष साहेब कॉन्ट्रॅक्टरच आहेत. माझ्याकडची सातातली चार पोरं त्यांनीच दिलेली. आता मलाच कससं व्हायला लागलंय, म्हणजे मी मालक आणि ते कॉन्ट्रॅक्टर असे दोघं मिळून शाळेत गेलो होतो कामगारांच्या पोरांबद्दल बोलायला. बाईंनी चहा पाजला ते त्यांचा मोठेपणा.

———

फडावरचा | गुरुवार, सकाळी 7:25

ह्यात ऊसतोडवाल्यांचं कोण बघनार? आमच्या वाळव्याकडं दिवाळी झाली की टोळ्या येत्यात, बीडकडच्या, विजापूरकडच्या, आन फाल्गुनापर्यंत फडात. पोरं पाचटात खेळत्यात. त्यांचं मंडळ नाय, मुकादम हाय, आन मुकादमाचं ताईंनी वर सांगितलंच की. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा असायच्या, आता गावाकडं हंगामी वसतिगृहं काढत्यात म्हंजे पोरं मागं ऱ्हावीत, पन आज्जी नसली घरात तर पोर मागं ठेवनार कुनाच्या जिवावर. शाळा बदलताना शिक्षण हमी कार्ड मिळतंय, त्ये कार्ड आईच्या ट्रंकंत ऱ्हातंय. एवढंच म्हनायचं हुतं.

———

खडूफळा | गुरुवार, दुपारी 2:10

@फडावरचा, कार्डाचं अगदी खरं. आमच्याकडं काही शिक्षक बालरक्षक म्हणून फडावर जाऊन पोरं आणतात, पण ते शिक्षकाच्या मनावर आहे. जिथं मंडळच नाही तिथं काय करायचं याला माझ्याकडं उत्तर नाही.

———

जतकर | गुरुवार, रात्री 8:40

नमस्कार. मी जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या जि.प. शाळेवर शिक्षक. होय, सांगली जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, अजूनही बऱ्याच जणांना ऐकून आश्चर्य वाटतं. राज्यघटनेत 1956 साली कलम 350 अ घातलं, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करावी म्हणून, त्यातलंच हे. बालभारती कन्नडमध्ये पुस्तकं छापते, उर्दू, गुजराती, सिंधी, तेलुगूमध्ये पण छापते. पुस्तक तेच, धडा तोच, चित्र तेच, फक्त भाषा वेगळी.

यातनं एक सोपी गोष्ट होते. कुपवाडच्या त्या शाळेत कन्नड घरची पोरं असतील तर गणिताचं आणि परिसर अभ्यासाचं कन्नड पुस्तक मराठी पुस्तकाशेजारी ठेवा. पोराला नाही तर निदान आईला वाचता येईल, घरी आई विचारू शकेल की आज काय शिकवलं. आमच्याकडं उलटं करतो, आमची पोरं पुढं मराठीत जाणार म्हणून मराठी पुस्तक शेजारी. सीमाभागात राहून मी एवढंच शिकलो की दोन भाषा एका दप्तरात भांडत नाहीत, भांडतात ते बाहेरचे. (2022 ला कर्नाटकनं आमच्या तालुक्यातल्या 40 गावांवर हक्क सांगितला तेव्हा काय धुरळा उठला ते आठवत असेल. आमच्या शाळेत त्या आठवड्यात सहामाहीचे पेपर तपासणं चाललं होतं.)

मैथिलीत अशी पुस्तकं बालभारती काढत नाही, तिथं माणूसच लागेल.

———

हिशोबनीस | शुक्रवार, सकाळी 10:20

परदेशातली मंडळं वाचत असतील म्हणून. गावाकडच्या शाळेला तिकडनं पैसे पाठवायचा विचार असेल तर संस्थेची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, आहे का ते आधी बघा. 2010 चा कायदा आहे, नोंदणी नसलेल्या संस्थेनं परदेशी देणगी घेतली तर अडचणीत संस्था येते, देणारा नाही. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतनं बँकेमार्फत वैयक्तिक पाठवत असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण मंडळाच्या खात्यातनं आली किंवा तुम्ही तिकडचे नागरिक झाला असाल तर धरतात. त्यापेक्षा सुट्टीत आलात की शाळेत चार तास बसा, त्याला कुठलीच परवानगी लागत नाही, मुख्याध्यापकांची सोडून.

———

तिरका_चष्मा | शुक्रवार, दुपारी 3:45

हिशोबनीसांनी पहिल्यांदा कामाचं लिहिलं.

बरं शेडमालक, मग ठरलं काय? का नुसताच धागा?

———

शेडमालक | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री 9:15

धागा वर आणतोय, मधे ऑर्डरची गडबड होती.

मिरजेच्या ताईंचं वाचल्यावर मी परत शाळेत गेलो, या वेळी एकटा, आणि बाईंना सांगितलं की अध्यक्ष नकोत, मी पण नको. मग कोण? बाईंनीच नाव काढलं. त्यांच्याच शाळेत पहिलीला आलेली एक मुलगी, मधुबनीकडची, तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता, आता बारावीला आहे मिरजेत. घरी मैथिली, मराठी आपल्यापेक्षा सांगलीकडची, "काय करायलाईस" म्हणणारी. तिला विचारलं तर पहिला प्रश्न, "पैसे मिळणार का?" मला जरा लागलं, मग वाटलं का नसावेत. शनिवारी दोन तास ती देणार, फुकट का?

मग मंडळात बसलो. कूलरचे पैसे महिन्याच्या मानधनात घालायचे म्हटल्यावर अध्यक्ष म्हणाले, "इसमें दिखेगा क्या?" अर्धा तास तेच. शेवटी त्यांच्याच बायकोनं, जी आजवर फक्त प्रसाद वाटताना दिसायची, आतनं काहीतरी म्हटलं मैथिलीत. मला कळलं नाही, पण सगळे हसले आणि पैसे पास झाले. काय म्हणाली ते मला अजून कुणी सांगत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला, लेखी परवानगी झाली. पहिली पालकसभा नेहमीप्रमाणं सकाळी अकराला ठेवली होती, पोरीनंच सांगितलं की अकराला कोण येणार, संध्याकाळी साडेसहाला ठेवा, शिफ्ट सुटते. बाईंनी थांबायची तयारी दाखवली. सव्वीस बायका आल्या, आधी चार पाच यायच्या म्हणे. पहिली वीस मिनिटं कुणीच बोललं नाही. मग एकीनं विचारलं, पोर घरी येऊन म्हणतं की बाई मारत नाहीत, मग शिकतं कसं? यावर जी चर्चा झाली ती मला पोरीनं नंतर सांगितली, मी गेटबाहेर उभा होतो. दुसरीनं सांगितलं की खिचडीबद्दल तक्रार नाही पण मुलगा ताटात उरलेलं घरी धाकट्यासाठी आणतो ते चालतं का. बाई म्हणे गप्पच झाल्या.

गुणाकाराचं पण बघितलं, पलूसकरांनी सांगितलं तसं. तिसरीतली चार पोरं जी कच्ची म्हणून मागं बसवली होती, त्यांना पोरीनं मैथिलीत तोंडी हिशोब घातले. दोघांना सगळे आले. एकाला तर आपल्या बापाच्या ओव्हरटाईमचा हिशोब येत होता, दीडपट नि दुप्पट सकट, आणि बाप माझ्याकडंच आहे, त्यामुळं त्यानं माझी पण एक चूक काढली. उरलेल्या दोघांना खरंच येत नव्हते, म्हणजे जादू वगैरे काही नाही.

न जमलेलं पण सांगतो. नेपाळी दोन घरांसाठी कुणीच नाही. आधारची दुरुस्ती नऊ जणांची झाली, दोन रखडलीत कारण गावाकडनं कागद यायचाय. समितीत त्यांच्यातली एक आई घ्यायचं बोलणं झालंय पण ती तयार होत नाही, नवरा नको म्हणतो. आणि फेब्रुवारी मार्चला पोरीची बारावी, तेव्हा दोन महिने कोण, ते ठरलेलं नाही.

@जतकर सर, कन्नडची तिसरी चौथीची पुस्तकं मिळतील का? सात घरं आहेत.

———

मिरजेची_सून | रविवार, रात्री 9:50

फेब्रुवारी मार्चला कन्नड बायकांसाठी मी येते, मैथिलीचं तुम्ही बघा. त्या नवऱ्याला भेटायला नका जाऊ तुम्ही, मालक आहात. मी जाते.

———

जतकर | सोमवार, सकाळी 6:30

जुन्या संचातली नऊ दहा पुस्तकं निघतील, कोपरे दुमडलेत पण पानं आहेत. शनिवारी जत मिरज गाडीला कंडक्टरकडं पिशवी देतो. स्टँडवर कोण येणार ते सांगा, गेल्या वेळी पिशवी कोल्हापूरला गेली होती.

———

तिरका_चष्मा | सोमवार, सकाळी 8:05

मी स्टँडच्या मागंच राहतो. किती वाजता येते गाडी?